खांदा सोडला तर सगळं ठीक

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून ‘वेदना-फेरी’ सुरू. हे नाव मी दिलेलं नाही. ऑफिसातल्या कारकुनाने पत्रात तसं टंकलं आणि आता तेच चिकटलं. काम असं: मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक पेशंटपाशी सकाळ-संध्याकाळ जायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारायचं आणि आकडा तक्त्यात भरायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तीन महिन्यांत आकडे खाली आले तर फेरी कायम होणार. नाही तर मी परत ऑपरेशन थिएटरात आणि पेशंट परत रामभरोसे.

मी भूलतज्ज्ञ आहे. सव्वीस वर्षं लोकांना झोपवते आहे. प्रत्येकाशी माझं बोलणं साधारण चार मिनिटं होतं आणि त्यातली शेवटची दोन त्यांना आठवत नाहीत. चेहरा मास्कमध्ये, त्यामुळे बाहेर कुणी ओळखत नाही. सर्जनना लोक बागेतली फळं आणून देतात. मला एकाने विचारलं होतं, तुम्ही तिथे पगारी असता का.

ही वही तक्त्यात न बसणाऱ्या गोष्टींसाठी आहे. नवरा म्हणाला, “म्हणजे तक्रारींसाठी.” तो शाळेत गणित शिकवतो. प्रत्येक गोष्ट सोप्या रूपात मांडायची त्याला खोड आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सर्जनना फेरी पसंत नाही. तसं ते म्हणत नाहीत, फक्त माझ्या तक्त्यावर चहाचा कप ठेवतात. आज म्हणाले, “मॅडम, आतडं कापलं की दुखणारच. दुखलं नाही तर आपण काही केलं यावर पेशंटचा विश्वास बसायचा नाही.”

त्यांची पद्धत जुनी आहे. दुखलं की मॉर्फिनचं इंजेक्शन. पेशंट झोपतो, पण त्याच्याबरोबर आतडंही झोपतं आणि मग ते जागं होईपर्यंत अख्खा वॉर्ड ताटकळतो. माझ्या पद्धतीत पाठीत केसासारखी बारीक नळी घालायची आणि तिच्यातून औषध थेंबाथेंबाने सोडत राहायचं. पोट बधिर होतं, माणूस शुद्धीत राहतो, दुसऱ्या दिवशी चालायला लागतो, आतडंही लवकर हलतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, केलेलं आहे. पण आमच्याकडे करून दाखवण्यापेक्षा तक्ता दाखवणं महत्त्वाचं असतं.

आतडं जागं झाल्याची खूण एकच, वारा सरणे. या वॉर्डात सगळे त्याचीच वाट बघत असतात. आज एका निवृत्त न्यायाधीशांना सिस्टरने विचारलं, “वारा सरला का?” ते म्हणाले, “खिडकी बंद आहे.” सिस्टरने तसंच लिहून ठेवलं. सिस्टर वीस वर्षं या वॉर्डात आहे, तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पहिल्या आठवड्याची सरासरी ३.८. फेरी सुरू होण्याआधी ६ होती. सर्जननी कप बाजूला ठेवून तक्ता वाचला. मला तेवढंही पुष्कळ झालं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

परवा ऑपरेशन असलेल्या पेशंटला भेटले. बाई साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या. चपला-बुटांच्या दुकानात तीस वर्षं विक्रीला होत्या. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणतात, दोन दिवसांत. आतड्याच्या खालच्या भागात गाठ आहे. तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडायची.

मी माझी चार मिनिटं सुरू केली. त्या मान डोलावत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “भूल उतरली नाही तर?”

“उतरते.”

“कुणाची तरी राहिली असेलच की.”

“माझ्या हातून नाही.”

“तुम्ही तिथे शेवटपर्यंत असता?”

“पूर्ण वेळ. डोक्याशी.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या. “सर्जनला पोट दिलं, तुम्हाला मी दिली.” शेजारी त्यांची लेक बसली होती, तिने तोंड फिरवून डोळे पुसले. मावशींनी तिला कोपराने ढोसलं. वीस मिनिटं झाली होती, माझ्या लक्षातच आलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

चार तास. सगळं सुरळीत. टोकं छान जुळली असं सर्जन म्हणाले आणि ते सहसा छान म्हणत नाहीत.

संध्याकाळी फेरीला गेले. मावशी जाग्या होत्या. शून्य ते दहाचं समजावलं.

“शून्य चालतं का?” त्यांनी विचारलं.

“चालतं की. पण तसं असलं तर.”

“मग शून्य.”

सोळा दिवसांतलं पहिलं शून्य. मी हसले. बऱ्याच दिवसांनी दात दिसेपर्यंत हसले असेन, आणि फेरीला मी मास्क लावत नाही. मावशीही हसल्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य. दारापर्यंत चालून आल्या, एका हातात सलाइनचा स्टँड, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं. सर्जनना दाखवलं. लिफ्टची वाट बघणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांचा काही संबंध नव्हता. सिस्टर म्हणाली, “मॅडम आज गुणगुणताहेत.” मी गुणगुणत नव्हते. असेन तर कळलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शून्य. शून्य.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, “सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले तर मी आधी बाकांची रांग बघतो.”

“सगळ्यांना नाहीत. एकीला.”

“एकीला सलग पडले तर तिला उभं करून विचारतो.”

त्याला कुणाचं कौतुक करणं जमत नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा तो पेपर तपासत असल्यासारखाच दिसतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

तिसरा दिवस. ठरल्याप्रमाणे आज पाठीतली नळी काढायची होती. काढली नाही. इतकं चांगलं चाललंय, एक दिवस राहू दे म्हटलं. कारण म्हणून कागदावर लिहिलं: ‘पेशंटच्या सोयीसाठी’.

शून्य. वारा अजून सरलेला नाही. सूप दिलं, दोन घोटांवर गेलं नाही. “इच्छा नाही हो,” म्हणाल्या. आमच्या स्वयंपाकघराचं सूप मी चाखलं आहे, मला त्यात नवल वाटलं नाही.

डावा खांदा भरून आलाय म्हणाल्या. रग लागल्यासारखं वाटतं. ऑपरेशनच्या वेळी हात बाजूला ताणून बांधलेला असतो, शिवाय इथल्या उशा दगडी. उशी बदलून दिली. तक्त्यात खांद्याला रकाना नाही.

लेक म्हणाली, “आई, सांग ना नीट.” मावशींनी तिच्याकडे बघितलं, तशी ती गप्प बसली. आईची काळजी करणाऱ्या मुली अशाच असतात.

सिस्टरने नाडीचा कागद माझ्यापुढे धरला, १०४. मी म्हटलं, चालून आल्यात. ती म्हणाली, “तासापूर्वी चालल्यात.” मग कागद घेऊन गेली. आधी वाटायचं सिस्टर माझ्या बाजूची आहे. आता वाटतं, तिलाही फेरी डोईजड झालीये.

रविवार, २३ फेब्रुवारी

सुट्टी होती, तरी सकाळी जाऊन आले.

“किती?”

“शून्यच लिहा.”

“आणि खांदा?”

“कालच्यापेक्षा जरा जास्तच. पण ते तुमच्याकडे येत नाही ना,” म्हणाल्या. किती समजूतदार बाई आहे. शेकायला गरम पाण्याची पिशवी सांगितली. नाडी ११६, थोडा ताप. चेहरा उतरल्यासारखा वाटला, पण खिडकीतून उजेड तिरपा येत होता.

मी असतानाच सिस्टरने सर्जनना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. त्यांनी विचारलं, “पोट कसंय?”

“मऊ आहे. दुखत नाही. शून्य.”

“नक्की?”

“सलग पाच दिवस शून्य, सर.”

“मग उद्या बघतो,” म्हणाले.

घरी येऊन या आठवड्याची सरासरी काढली. १.१. अजून खाली न्यायची तर मावशींसारख्या दहा-बारा जणी हव्यात. सगळे जण इतके गुणी नसतात.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मावशी परत थिएटरात. दुपारी सव्वाबारा ते चार. लिहवत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

लिहायचं ठरवलंय, तर क्रमाने लिहिते.

काल नऊ वाजता नळीतलं औषध बंद केलं, नळी काढायची म्हणून. साडेदहाला सिस्टर थिएटरच्या दारात येऊन उभी राहिली. ती वॉर्ड सोडून कधी येत नाही. मी गेले. मावशींचं पोट फळीसारखं कडक होतं. गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या, कपाळावर घाम, ओठ पांढरे. हात लावू दिला नाही.

जोड सुटला होता. आतड्यातली घाण पोटात झिरपत होती. एक दिवस नाही, बहुधा शनिवारपासून. पोट ओरडून सांगत असणार, पण पोटाचा आवाज मी बंद करून ठेवला होता. तो बाहेर पडत होता फक्त खांद्यातून. पोटाच्या वर जो पडदा असतो त्याची नस मानेतून खाली येते. पडद्याखाली घाण साठली की माणसाला खांदा दुखतो, आणि पाठीतल्या नळीने ती नस बधिर होत नाही. हे मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते. परीक्षेत विचारते आणि ज्याला आलं नाही त्याचे गुण कापते.

सर्जननी पोट धुतलं, आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. भूल मीच दिली. दुसऱ्या कुणाला तरी देऊ द्या म्हणाले होते, मी नाही म्हटलं. शेवटपर्यंत असते असं मी त्यांना सांगितलं होतं. मास्क चढवताना मावशींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “मॅडम, तुमचा आकडा बिघडला हो.”

मी सव्वीस वर्षांत थिएटरात रडलेले नाही. कालही पहिला अर्धा तास नाही.

रजिस्टरात एक रकाना असतो: भूल कोणाची. मी रोज तिथे सही करते. काल पहिल्यांदा वाचून सही केली.

मावशी श्वासाच्या मशीनवर आहेत. वाचतील का, असं लेकीने विचारलं. सांगता येत नाही, असं मी म्हटलं. तेवढंच खरं होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मशीनवरच. लघवी कमी. रक्तदाब औषधावर टिकून आहे.

फेरी बंद केली नाही. बाकीच्या पेशंटना आकडे विचारले, त्यांनी सांगितले. कुणी ‘दोन’ म्हटलं की मी पलंगापाशी उभी राहून त्याच्याकडे बघत बसते. एका गृहस्थांनी घाबरून पाच करून दिले.

सिस्टरला म्हटलं, “शनिवारी तू मला सांगत होतीस.”

“हो.”

“मी ऐकलं नाही.”

“नाही,” ती म्हणाली आणि औषधं मोजत राहिली. तिने रागवायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं.

शनिवार, १ मार्च

दुपारी मावशींच्या घशातली नळी काढली. ताप उतरला. आवाज घोगरा आहे, पण आहे. लेकीने माझे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. मी हात सोडवून घेतले. मग ड्रिपचा वेग बघितला. तो ठीक होता.

सोमवार, ३ मार्च

पहिल्या महिन्याचा आढावा. ऑफिसातले मोठे साहेब, सर्जन, मी आणि कारकून.

साहेब खूश. शेवटच्या आठवड्याची सरासरी १.३ झाली. कारकुनाने एका ओळीभोवती हिरवं वर्तुळ काढलं होतं. सगळ्यात चांगली ओळ, नऊ शून्यं. मावशींची. सोमवारनंतरचे रकाने रिकामे, कारण मशीनवरच्या माणसाला आकडा विचारता येत नाही आणि रिकामा रकाना सरासरीत धरत नाहीत.

सर्जन म्हणाले, जोड शंभरात पाच-सहा जणांचे सुटतातच, त्यात कुणाची चूक नसते, फेरीशी त्याचा संबंध नाही. रविवारच्या फोनबद्दल ते बोलले नाहीत. माणूस मनाने चांगला आहे. मीही गप्प बसले असते तर विषय तिथेच मिटला असता, फेरी कायम झाली असती आणि मला बहुधा एक मदतनीसही मिळाली असती.

मी म्हटलं, “या ओळीतली शेवटची शून्यं चुकीची आहेत.”

साहेबांनी चष्मा लावला. “म्हणजे पेशंटचं पोट दुखत होतं?”

“नाही.”

“मग शून्य बरोबर आहे.”

“बरोबर आहे, म्हणूनच चुकलं. मी नळी दोन दिवस जास्त ठेवली, आकडा चांगला राहावा म्हणून. खांदा दुखतोय हे दोनदा कानावर आलं, नाडी वाढलेली दाखवली गेली, आणि फोनवर मी सर्जनना शून्य सांगितलं. ते त्याच दिवशी आले असते.”

सर्जन टेबलाकडे बघत होते. साहेब म्हणाले, हे कसं लिहायचं. कारकुनाने लिहिलं: ‘भूलतज्ज्ञांनी आकड्यांबद्दल शंका व्यक्त केली.’ मी ते खोडायला लावलं आणि चार ओळी स्वतः सांगितल्या. त्याने त्या लिहिल्या, पण हिरवं वर्तुळ पेनाने काढलेलं होतं, ते तसंच राहिलं.

नवऱ्याला घरी सांगितलं. मला वाटलं तो काही तरी गणिती बोलणार. त्याने माझं ताट वाढलं आणि समोर बसून राहिला.

फेरीचं काय ते तीन महिने संपले की कळेल.

बुधवार, ५ मार्च

मावशी वॉर्डात आल्या. बसवलं तर बसतात. लेक कपडे आणायला घरी गेली होती. मी हातात तक्ता न घेता गेले आणि सगळं सांगितलं. नळी, नाडी, फोन. वाक्यं आधी पाठ केली होती, तीन मिनिटांत संपली.

त्या गादीची कड चिमटीत धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, “पोट खरंच दुखत नव्हतं. तेवढं खोटं नाही बोलले मी. पण बरं वाटत नव्हतं. शनिवारपासून काही तरी बिनसलंय असं आतून वाटत होतं. लेकीला म्हटलेलं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुमचा चेहरा असा खुलायचा हो, शून्य म्हटलं की. दिवसभरात तेवढं एकच माणूस माझ्याकडे बघून हसायचं. म्हटलं, कशाला मोडा.”

आता खुर्ची असती तर बसले असते. खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचं पांघरूण होतं.

“तीस वर्षं दुकानात काढली,” त्या म्हणाल्या. “नवी पोरगी लागली की गिऱ्हाइकापुढे बसून हसत विचारायची, ‘छान बसतो ना?’ गिऱ्हाईक म्हणायचं, छान. घरी जायचं आणि टाच सोलवटायची. मी तसं विचारायचेच नाही. मी विचारायचे, ‘कुठे चावतो?’ मग माणूस जरा थांबतं, पायाकडे बघतं आणि सांगतं. चावत नसला तर नाही म्हणतं. पण विचार करून म्हणतं.”

मी पांघरुणाची घडी करून पायथ्याशी ठेवली आणि खुर्ची ओढली.

“कुठे चावतंय, मावशी?”

त्यांनी डोळे मिटले. मग एकेक सांगायला लागल्या. पिशवीच्या कडेला कातडी चुरचुरते. घशात काटा असल्यासारखं वाटतं. खोकला आला की टाके ओढतात, म्हणून खोकला गिळतात. खांदा आता नाही. पिशवीकडे बघवत नाही, आणि लेक ती बदलताना नाक न मुरडता बदलते, ते जास्त लागतं. वाचले की नाही हे अजून कळत नाही, कारण गाठीचा रिपोर्ट यायचाय. मी पेन शोधून हाताच्या तळव्यावर लिहीत होते, कागद आणला नव्हता.

“आणि तुमचा राग आलाय,” त्या म्हणाल्या. “आधी नव्हता. आत्ता तुम्ही सांगितलंत तेव्हा आला. मी स्वतःला तुमच्या हवाली केलं होतं. तो कुठल्या रकान्यात भरता?”

“रकाना नाही. पण लिहिते.”

“लिहा.”

लिहिलं. मग सवयीने तोंडून गेलं, “किती?”

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत.

“आज आठ,” म्हणाल्या. “उद्या या. परत विचारा.”